हात धुतलेत ना?

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल, त्यांतल्या बहुतेकांनी काही आठवड्यांपूर्वी केमोपोर्ट, पिक लाइन, हिकमन हे शब्द ऐकलेही नसतील. घरात कोणाला तरी कर्करोगाचं निदान झालं, केमो किती आणि किती दिवसांच्या अंतराने हे ठरलं, आणि मध्येच डॉक्टर म्हणाले, ‘हाताच्या शिरा फार दिवस टिकणार नाहीत, पोर्ट बसवून घेऊ.’ संमतीपत्रावर सही झाली. तासाभरात गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी एक डबी बसली. घरी निघताना हातात एक छोटं कार्ड आणि इंग्रजी माहितीपत्रक मिळालं. त्या डबीपासून निघालेली नळी थेट हृदयाच्या तोंडाशी गेलेली आहे आणि ती दोन-तीन वर्षंसुद्धा तिथे राहू शकते, हे नीट बसून समजावून सांगायला त्या गर्दीत कोणालाच उसंत नव्हती.

ती उसंत या पुस्तकाने काढली आहे. लिहिणाऱ्या सगळ्या परिचारिका आहेत. माझंही नोकरीचं सगळं आयुष्य कर्करोगाच्या वॉर्डांत गेलं, त्यामुळे हस्तलिखित वाचताना डोळ्यांपुढे सारखी माणसं येत होती: परळला टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर सतरंजी अंथरून बसलेली, दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत रांगेत आंघोळीची वाट पाहणारी, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात पहाटेच्या एसटीने पोचणारी. यांच्यापैकी कोणालाही परिचारिका व्हायचं नव्हतं. तरी घरातल्या आईला, बायकोला, थोरल्या मुलाला ते काम शिकावं लागतं, आणि शिकवणारं पुस्तक त्यांच्या भाषेत क्वचितच हाती लागतं.

शीर का पुरत नाही, तिथून सुरुवात करते. हाताच्या शिरेत रक्ताची धार बारीक असते. हृदयात वरून येणाऱ्या महाशिरेतून मात्र मिनिटाला साधारण 2 लिटर रक्त वाहतं. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, किंवा व्हिनक्रिस्टिन ही औषधं शिरेच्या बाहेर झिरपली तर तिथली कातडी आणि खालचं मांस मरतं. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही, कधीकधी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. तेच औषध महाशिरेत पडलं की क्षणात विरळ होतं आणि शिरेच्या भिंतीला इजा करत नाही. म्हणून नळीचं टोक महाशीर आणि हृदयाचा उजवा कप्पा जिथे मिळतात तिथे ठेवतात आणि एक्स-रे काढून ते जागेवर असल्याची खात्री करतात. पिक लाइन दंडातून आत जाते, तिचं बाहेरचं टोक हातावर दिसतं आणि ती काही आठवडे ते काही महिने चालते. हिकमन छातीतून बाहेर येते. कातडीखाली तिच्याभोवती डेक्रॉनची एक पट्टी असते. शरीर त्या पट्टीत गुंतून वाढतं, त्यामुळे नळी घट्ट बसते आणि जंतूंची वाटही अडते. पोर्ट पूर्ण कातडीखाली असतो. टायटेनियमची किंवा कडक प्लास्टिकची डबी, तिच्यावर जाड सिलिकॉनचा पडदा, खालून निघणारी नळी. सुई टोचलेली नसेल तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा. ‘दिसत नाही म्हणजे काळजी नको’ असा गैरसमज मात्र त्यातूनच होतो.

ही वाट सापडली कशी, याची गोष्ट लेखिकांनी एका परिच्छेदात उरकली आहे. मला ती थोडी सविस्तर सांगायची आहे. 1929 साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावात वेर्नर फोर्समान नावाचा एक तरुण डॉक्टर काम करत होता. हातातल्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत नेता येईल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक साहित्याच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होती. प्रयोग माझ्यावर करणार असाल तर साहित्य देते, असं ती म्हणाली. त्याने होकार दिला, तिला टेबलावर बांधलं, आणि नळी स्वतःच्याच हातात घातली. लघवीच्या मार्गासाठी बनवलेली नळी होती ती. 65 सेंटिमीटर आत गेल्यावर तो तशाच अवस्थेत एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. 1956 साली आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.

फोर्समानच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मन त्या किल्लीपाशी अडतं. शिरेच्या आतल्या या वाटेवर पहिली नळी सरकली तेव्हाही स्वच्छतेची राखण परिचारिकेकडे होती, आणि तेव्हाही डॉक्टरने तिला बगल दिली. पुढे बराच काळ हेच चालू राहिलं.

नळी रुग्णाबरोबर घरी जाऊ लागली ती अमेरिकेतल्या सिएटलमध्ये. आतडी निकामी झालेल्या रुग्णांना घरच्या घरी शिरेतून अन्न देता यावं म्हणून जॉन ब्रोव्हिआक आणि बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या गटाने 1973 साली एक मऊ सिलिकॉनची नळी आणली. रॉबर्ट हिकमन यांनी तिचा आतला व्यास वाढवला, आणि 1979 पासून अस्थिमज्जा रोपणाच्या रुग्णांमध्ये ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 1982 साली मिशिगनमध्ये जॉन नीडरहुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण कातडीखाली बसणाऱ्या पोर्टचा अनुभव प्रसिद्ध केला. या सगळ्या नळ्यांची कल्पनाच मुळी अशी होती की रुग्ण घरी राहील आणि घरचे तिला सांभाळतील. घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग होता. आपल्याकडे नळ्या आल्या, शिकवणं मागे राहिलं. रुग्णालयांवरचा भार मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे कोणा एकाला दोष देत नाही. पण मागे राहिलं ते राहिलंच.

आता जंतूंविषयी. नळीवर जंतू दोन वाटांनी पोचतात. नळी नवी असताना ते कातडीवरून, तिच्या बाजूबाजूने आत उतरतात. पुढे मोठी वाट असते ती नळीच्या तोंडाची, जिथे सिरिंज आणि सलाईन जोडतो तिथली. हे जंतू फारसे परके नसतात. कातडीवर सुखाने राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस कातडीवर काही करत नाही. तोच नळीच्या आत गेला की तिच्या भिंतीला चिकटतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो आणि त्या थराआड वाढत राहतो. अँटिबायोटिक रक्तात फिरतं, पण त्या थराच्या आत पुरेसं पोचत नाही. औषध चालू असेपर्यंत ताप उतरतो आणि बंद केलं की परत चढतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. शेवटी नळी काढावी लागते. ज्या नळीसाठी घरच्यांनी पैसे जमवले, रुग्णाने शस्त्रक्रिया सोसली, ती अशी मध्येच गमवावी लागते. ती गेली तर निदान दुसरी बसवता येते. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग प्रत्येकाला दुसरी संधी देतो असं नाही.

हे नशिबाने होतं असं मानण्याचे दिवस गेले आहेत. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांनी मिळून केलेल्या कामाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. 103 विभागांची माहिती त्यात होती. त्यांनी नवं औषध वापरलं नाही, नवं यंत्र आणलं नाही. नळी घालण्याआधी हात धुवायचे, कातडी क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करायची, टोपी-मास्क-गाऊन-हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण झाकायचं, शक्यतो जांघेतली शीर टाळायची, आणि गरज संपली की नळी काढायची. एवढंच. दीड वर्षात रक्तातल्या संसर्गाच्या प्रमाणात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली.

या पाचही गोष्टी त्याआधी प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होत्या. फरक पडला तो आणखी एका नियमाने: यातली एखादी पायरी चुकताना दिसली तर परिचारिकेने डॉक्टरला जागीच थांबवायचं, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहतील. एबर्सवाल्डला जी राखण मोडली गेली होती, ती इथे लेखी अधिकार म्हणून परत मिळाली. मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढच्या पायरीमुळे. हा थांबवण्याचा अधिकार लेखिका रुग्णाच्या आणि त्याच्या माणसांच्या हाती देतात. ‘सिस्टर, हात धुतलेत ना?’ हे वाक्य त्यांनी पहिल्याच प्रकरणात ठळक छापलं आहे. कसं म्हणायचं, कोणत्या सुरात म्हणायचं, समोरची व्यक्ती चिडली तर काय बोलायचं, तेही सांगितलं आहे.

आपल्याकडे हे सोपं नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला रुग्णालयात आपण उपकाराखाली असल्यासारखं वाटतं. सिस्टर रागावल्या तर माझ्या माणसाकडे नीट बघणार नाहीत, अशी भीती मनात असते. सकाळपासून उभ्या असलेल्या, एकेका पाळीत खूप रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीलाही या प्रश्नाचा राग येऊ शकतो, तेही मी समजू शकते. तरीही माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या परिचारिकेला हा प्रश्न अपमान वाटत नाही, आणि ज्या वॉर्डात तो अपमान वाटतो त्या वॉर्डाने बदललं पाहिजे. विचारणाऱ्याने गप्प बसून हा प्रश्न सुटत नाही. माझ्या तरुण सहकारी हे पुस्तक वाचतील, त्यांना माझी विनंती आहे की रुग्णाने विचारायच्या आधीच त्याच्यासमोर हात धुवा, त्याला दिसतील असे.

नळीचं तोंड स्वच्छ करण्याबद्दल लेखिकांनी जे लिहिलं आहे ते दोनदा वाचा. स्पिरिटचा बोळा तोंडावरून नुसता फिरवणं आणि 15 सेकंद दाबून, पीळ देत घासणं यांतला फरक खरकटी भांडी घासणाऱ्या कोणालाही वेगळा समजवावा लागत नाही. घासल्यावर ते वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. जंतू मारण्याचं काम वाळेपर्यंत चालू असतं. फुंकरेबरोबर मात्र तोंडातले जंतू त्यावर जाऊन बसतात.

दुसरी गोष्ट सलाईनची. मोठी बाटली उघडायची, तिच्या बुचात सुई खोचून ठेवायची आणि दिवसभर त्याच बाटलीतून येईल त्याच्यासाठी सिरिंज भरून घ्यायची, ही सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. पैसा वाचवण्यासाठी आणि हात मोकळे ठेवण्यासाठी ती पडते. पण एकदा त्या बाटलीत जंतू गेले की ते ओळीने सगळ्यांच्या नळीत जातात. फ्लशसाठी, म्हणजे सलाईन सोडून नळी आतून धुण्यासाठी, प्रत्येकाची, प्रत्येक वेळची वेगळी लहान कुपी किंवा भरलेली सिरिंज घ्यावी. तुमच्यासाठी मोठ्या बाटलीतून सिरिंज भरली जात असेल तर तुम्ही जपून नेलेली कुपी पुढे करा. पाचदहा रुपयांचा प्रश्न असतो तो.

सिरिंजच्या आकाराबद्दल लोकांची समजूत हमखास उलटी असते, म्हणून इथे थोडी थांबते. लहान सिरिंज म्हणजे हलका हात, असं वाटतं. प्रत्यक्षात अंगठ्याचा जोर तेवढाच ठेवला तर दट्ट्या जितका बारीक, तितका आत तयार होणारा दाब जास्त. 2 मिलीच्या सिरिंजने नळीत जो दाब पडतो त्याने अडलेली नळी आतल्या आत फाटू शकते किंवा डबीपासून निसटू शकते. म्हणून पोर्ट किंवा पिक लाइन मोकळी आहे का हे पाहताना सिरिंज 10 मिलीची किंवा त्याहून मोठी असावी. फ्लश एका दमात ढकलू नये. थोडं ढकलायचं, क्षणभर थांबायचं, परत थोडं ढकलायचं. त्या झटक्यांनी आत भोवरे तयार होतात आणि नळीच्या भिंतीला चिकटलेला औषधाचा, रक्ताचा अंश सुटून निघतो. शेवटचा अर्धा मिली आत जात असतानाच क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावायचा, म्हणजे टोकाशी रक्त मागे ओढलं जात नाही. आणि अडतंय असं वाटलं की जोर लावायचा नाही. रुग्णाला हात वर करायला सांगा, कूस बदलायला सांगा, दीर्घ श्वास घेऊन खोकायला सांगा. तरीही रक्त मागे येत नसेल तर रुग्णालयात कळवा. औषध आत जातंय पण रक्त बाहेर येत नाही, ही स्थिती बरेचदा टोकाभोवती जमलेल्या फायब्रिनच्या पापुद्र्यामुळे असते आणि त्यावर औषध आहे. पण रक्त परत येतंय याची खात्री केल्याशिवाय लाल औषध किंवा व्हिनक्रिस्टिन सोडू देऊ नका. इथेही विचारायचा अधिकार तुमचाच आहे.

हेपॅरिनविषयीची ताकीद मला पुस्तकातल्या सर्वांत मोलाच्या पानांपैकी वाटते. रक्त गोठू नये म्हणून पोर्ट बंद करताना अनेक ठिकाणी हेपॅरिन भरतात, साधारण 1 मिलीत 100 युनिट या प्रमाणात. काही रुग्णालयं आता नुसतं सलाईनच वापरतात, तेही चालतं. आपल्या बाजारात हेपॅरिनच्या कुप्या मात्र 1 मिलीत 1000 आणि 5000 युनिट अशा ताकदीच्या मिळतात. ते पातळ करायचं राहिलं तर दहापट ते पन्नासपट औषध जातं. लहान मुलाला त्याचा केवढा धोका असेल हे वेगळं सांगायला नको. कुपीवरचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचावा, ही लेखिकांची सूचना प्रत्येक वॉर्डाने भिंतीवर लावावी.

पोर्टला साधी सुई चालत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. साधी सुई सिलिकॉनच्या पडद्याचा बारीक तुकडा कोरून काढते. काही वेळा असं झालं की पडदा गळू लागतो आणि तुकडे नळीत जातात. पोर्टची सुई टोकाशी किंचित वाकलेली असते, ती पडदा कापत नाही, बाजूला सारते. सिएटलमधल्या राल्फ ह्यूबर या दंतवैद्याचं नाव तिला आहे. या सुईने तोच पडदा हजाराहून जास्त वेळा टोचता येतो. गावातल्या दवाखान्यात ही सुई बहुधा नसते, आणि ताप आलेल्या रुग्णाला मदत करण्याच्या कळकळीने तिथला डॉक्टर साधी सुई घालून मोकळा होतो. म्हणून पोर्ट असलेल्या घरात बंद पाकिटातल्या दोन ह्यूबर सुया कायम असाव्यात. तिथल्या डॉक्टरांना पोर्टचा अनुभव नसेल तर त्यांनी हाताच्या शिरेतून सलाईन लावावं, पोर्टला हात लावू नये. त्यांना तसं नम्रपणे सांगा आणि कार्ड दाखवा.

घरच्या आयुष्याबद्दलचं प्रकरण मी सर्वांत सावकाश वाचलं, कारण परदेशी पुस्तिकांत ते आपलं नसतं. तिथे मोटारीच्या सीटबेल्टचा काच लिहिलेला असतो. आपल्याकडे डबीवर पदराची पिन येते, ब्लाऊजची शिवण घासते, मंगळसूत्र त्याच जागी रुळतं, मूल कडेवर घेतलं की त्याचं डोकं तिथेच टेकतं. लोकलच्या गर्दीत कोणाचा तरी कोपर नेमका तिथे बसतो. पोर्ट कोणत्या बाजूला बसवायचा हे ठरवताना शल्यविशारदांनी हे विचारावं: पदर कोणत्या खांद्यावर, पिशवी कोणत्या खांद्यावर, विळा कोणत्या हातात. त्यांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. स्तनाच्या कर्करोगात पोर्ट बहुधा निरोगी बाजूला बसवतात. बाकी रुग्णांत निवडीला थोडी जागा असते.

पिक लाइन असलेल्या हाताने विहिरीचं पाणी शेंदायचं नाही, हापसा चालवायचा नाही, जड हंडा उचलायचा नाही. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. हात हलता मात्र ठेवायचा, अजिबात न वापरलेल्या हातात रक्त गोठायची भीती असते. ड्रेसिंग पारदर्शक असेल तर सात दिवसांनी बदलायचं, गॉझचं असेल तर दोन दिवसांनी, आणि ओलं झालं, सुटलं, मळलं तर त्याच दिवशी. कोकणात पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने ते चौथ्या दिवशीच कडेने उचलतं. आठवडा पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका. त्यावर वरून चिकटपट्टी मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. आणि नळीच्या जागी हळद, तूप, राख, तुळशीचा रस, काहीही लावायचं नाही. आजीने प्रेमाने लावायला आणलेली हळद परत नेणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण त्या हळदीत मातीतले जंतू असू शकतात, आणि इथली जखम कातडीवर थांबत नाही, ती हृदयाकडे जाते.

पोर्टवाल्यांना जागा पूर्ण भरून आल्यावर आणि सुई नसताना आंघोळीला, पोहण्यालाही अडचण नसते. हे मुद्दाम सांगते, कारण भीतीपोटी महिनोन्‌महिने नुसतं अंग पुसून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. त्या मुलांना शाळेत जाऊ द्या, खेळू द्या. कबड्डी आणि कुस्ती तेवढी नको. सुई टोचण्याआधी साधारण तासभर बधिर करणारं मलम लावलं तर मूल पुढच्या वेळी रडत येत नाही. हे मलम महाग नाही, आठवणीने मागा.

पोर्ट वापरात नसतानाही ठरावीक दिवसांनी फ्लश करावा लागतो. बरेच दिवस चार आठवड्यांचा प्रघात होता, आता काही रुग्णालयं आठ ते बारा आठवडेही चालवून घेतात. तुमच्या रुग्णालयाने जी मुदत दिली ती पाळा. केवळ पाच मिनिटांच्या फ्लशसाठी गडचिरोली किंवा बुलढाण्याहून मुंबई गाठायची, हे कोणालाही परवडणारं नाही, आणि शेवटी माणसं येणं सोडून देतात. जिल्हा रुग्णालयातल्या दोघी-तिघींना हे काम व्यवस्थित शिकवणं अशक्य नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने ते मनावर घ्यावं, असं मी इथे मनापासून लिहिते.

बाकी काही विसरलात तरी तापाचं प्रकरण विसरू नका. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, आणि केमो चालू असेल तर तेवढ्यानेच रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत ‘क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू’ हा निर्णय जिवावर बेततो. क्रोसिनने आकडा उतरतो, संसर्ग वाढत राहतो. पोर्ट किंवा लाइन फ्लश केल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरून ताप आला तर नळीतच जंतू आहेत असं धरून चला, आणि ‘फ्लशनंतर थंडी वाजली’ हे वाक्य पोचल्या पोचल्या डॉक्टरांना सांगा. निदान त्या वाक्याने अर्धं होतं. हात, मान किंवा चेहरा सुजला, गळ्याच्या शिरा फुगल्या, डबीवरची कातडी लाल, गरम किंवा पातळ झाली, औषध जाताना आग झाली, तरी थांबायचं नाही. बाहेर असलेली नळी चिरली किंवा तिचं टोपण निघालं तर चिरेच्या आतल्या बाजूला, अंगाच्या जवळ, लगेच क्लॅम्प लावायचा. क्लॅम्प नसेल तर नळी दुमडून घट्ट धरायची. दम लागला तर रुग्णाला डाव्या कुशीवर, डोकं खाली ठेवून निजवायचं, म्हणजे आत गेलेली हवा फुप्फुसांकडे जायची शक्यता कमी होते, आणि तसंच रुग्णवाहिका बोलवायची.

डायलिसिसच्या आणि लघवीच्या नळ्यांवर पुस्तकात छोटी टिपणं आहेत, ती पुरेशी आहेत. डायलिसिसची नळी डायलिसिसखेरीज कशालाही वापरू द्यायची नाही. तिच्यात तीव्र हेपॅरिन भरून ठेवलेलं असतं, आणि ते काढून न टाकता कोणी औषध सोडलं तर ते सगळं अंगात जातं. लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी.

आणि नळी काढण्याबद्दल. मिशिगनच्या यादीतली पाचवी ओळ सर्वांत दुर्लक्षित राहते. उपचार संपले, तपासण्या चांगल्या आल्या, तरी पोर्ट वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही, किंवा काढला तर आजार परत येईल अशी एक भीती असते. काही रुग्णांत डॉक्टर तो काही काळ मुद्दाम ठेवतात. पण ठेवायचा असेल तर कारण ठाऊक असावं आणि फ्लश चुकू नये. दोन्हींपैकी एकही होत नसेल तर तो काढून घ्या. छोटीशी शस्त्रक्रिया असते, बहुतेक मोठ्या माणसांत तेवढी जागा बधिर करून होते.

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक तक्ता छापला आहे. पुढे वाचण्याआधी तो भरा. नळीचा प्रकार, बसवल्याची तारीख, कोणती बाजू, पोर्टचा नमुना आणि क्रमांक, सीटी स्कॅनच्या यंत्राचा दाब सोसणारा आहे की नाही, एमआरआय चालतो का, पिक असेल तर बाहेर किती सेंटिमीटर आहे, शेवटचा फ्लश कधी झाला, आणि रात्री फोन उचलणाऱ्या वॉर्डाचा नंबर. कार्ड हरवलं असेल तर पुढच्या भेटीत हे सगळं विचारून लिहून घ्या, बसवलं त्या रुग्णालयाच्या नोंदीत ते असतं. पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.